अर्जाच्या कोपऱ्यांतील चौकट

राजे, लढाया आणि तह यांचे इतिहास आजवर पुष्कळ लिहिले गेले; परंतु ज्या कागदावर सामान्य कुटुंबाचें सुखदुःख अवलंबून असतें, त्या नोकरीच्या अर्जाकडे इतिहासाची दृष्टि क्वचितच वळते. वास्तविक पाहतां आपल्या मध्यमवर्गाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं अर्जांचा इतिहास होय. आजोबांनीं बोरूनें लिहिलेला अर्ज, वडिलांनीं टंकलेखकाकडून करवून घेतलेला अर्ज, आणि मुलानें संगणकावर तयार केलेला 'बायोडाटा', असे एकाच घरांतील तीन कागद शेजारीं शेजारीं ठेवले, तर शंभर वर्षांत काय बदललें आणि काय मुळींच बदललें नाहीं, हें सहज ध्यानांत येईल.

अलीकडे या कागदाच्या कोपऱ्यांत एक नवी वस्तु येऊन बसली आहे. टपालाच्या तिकिटाएवढी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ती एक चौकट असते. तिला क्यूआर कोड म्हणतात. भाजीच्या गाडीवर पैसे देण्यासाठीं जी लटकवलेली दिसते, तिचीच ही बहीण. अर्ज वाचणाऱ्यानें मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरावा, कीं अर्जदारानें काढलेलीं चित्रें, रचलेले आराखडे, लिहिलेले लेख, किंवा वर्गांत शिकवितांनाचें चित्रण त्याच्या पडद्यावर उघडतें. आमच्याकडे अर्ज दाखवावयास येणाऱ्या तरुणांच्या कागदांवर ही चौकट आतां वारंवार दिसूं लागली आहे. आणि त्यांचे पालक आम्हांस विचारतात कीं, हें नुसतें नखरेल फॅड आहे, कीं याचा कांहीं उपयोग आहे? याचें उत्तर देण्यापूर्वीं या चौकटीची कुळकथा पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण वस्तु नवी असली, तरी जें कोडें सोडविण्यासाठीं ती कागदावर आली, तें फार जुनें आहे. अनोळखी मनुष्याची लायकी दुरून कशी ओळखावी, हें तें कोडें.

याचें सर्वांत जुनें उत्तर म्हणजे शिफारस. रोमन वक्ता सिसेरो (इ. स. पू. १०६–४३) यानें स्नेह्यांस लिहिलेल्या पत्रांचे सोळा भाग उपलब्ध आहेत, त्यांपैकीं तेरावा भाग जवळजवळ सर्वस्वी शिफारसपत्रांनींच भरलेला आहे. तीं वाचतांना मौज वाटते ती ही, कीं ज्याची शिफारस करावयाची त्याच्या कर्तबगारीविषयीं त्यांत बेताचेंच लिहिलेलें असतें. तो आपला किती निकटचा आहे, याविषयीं मात्र सिसेरोची लेखणी हात आखडत नाहीं. यांत नवल नाहीं. शिफारस ही मूळची गुणांची नव्हेच, ती नात्याची. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्याही याच मार्गानें मिळत. कंपनीच्या डायरेक्टरानें नांव सुचवावें आणि त्या नांवाच्या पोरानें हिंदुस्थानांत येऊन जिल्हे चालवावेत, असा तो सरळ व्यवहार होता. १८०६ सालीं या पोरांसाठीं कॉलेज निघालें खरें. पण तेथें शिरकाव व्हावयाचा तो नांव सुचविल्यानंतरच.

साहेबाच्या घरांतील नोकरांचीही शिफारशीवांचून सुटका नव्हती. इंग्रजी भाषेंतील 'चिट' हा शब्द आपल्या 'चिठ्ठी'वरूनच तिकडे गेला. बटलर, खानसामा, आया हे लोक पहिल्या मालकानें दिलेल्या चिठ्ठ्यांचें पुडकें जिवापलीकडे जपून ठेवीत आणि नव्या बंगल्यावर गेल्यावर तें अदबीनें पुढें करीत. साहेबलोकांच्या लिखाणांत एक गोष्ट वारंवार हंशासाठीं सांगितलेली आढळते, ती अशी: नोकर मोठ्या अभिमानानें चिठ्ठी दाखवीत असे, आणि तींत 'हा मनुष्य आळशी आहे, याला ठेवूं नये' असा मजकूर असे, बिचाऱ्यास इंग्रजी वाचतां येत नसल्यामुळें स्वतःची निंदा तो स्वतःच दारोदार घेऊन हिंडत असे. आम्हांस या गोष्टीचें हंसूं येत नाहीं. आपल्याविषयीं कागदावर काय लिहिलें आहे, हें वाहणाऱ्यास ठाऊक नसावें आणि वाचणाऱ्यास मात्र ठाऊक असावें, यापरती दुबळी अवस्था नोकरी मागणाऱ्याची दुसरी कोणती असेल?

आमच्या वाचकांस या ठिकाणीं जैमिनीअश्वमेधांतील चंद्रहासाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. दुष्टबुद्धि प्रधानानें आपल्या पुत्रास लिहिलेलें पत्र चंद्रहास निष्कपटपणें घेऊन निघाला. त्यांत त्यालाच विष देण्याची आज्ञा होती. तो बागेंत निजला असतां प्रधानकन्या विषया हिनें तें पत्र पाहिलें, आणि 'विष' या शब्दापुढें एका अक्षराची भर घालून मृत्यूच्या जागीं विवाह आणला. होमरच्या 'इलियड' काव्यांतही बेलेरोफोन हा वीर स्वतःच्या वधाचीं चिन्हें असलेली गुंडाळलेली पाटी स्वतःच परदेशच्या राजाकडे नेऊन पोंचवितो. दोन निरनिराळ्या खंडांतील कथांत हीच एक भीति यावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ती आपण ध्यानांत ठेवूं. पुढें तिचें काम पडेल.

शिफारशीच्या अन्यायास वैतागून मनुष्यानें परीक्षा शोधून काढली. या बाबतींत चीनचा मान पहिला. तेथें सोंग राजवटींत, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या–अकराव्या शतकांत, उमेदवाराचें नांव उत्तरपत्रिकेवर झांकून ठेवण्याची पद्धत पडली. पण तेवढ्यानें भागेना. परीक्षक अक्षर ओळखीत! तेव्हां सरकारनें कारकून बसविले, आणि प्रत्येक उत्तरपत्रिका त्यांनीं आपल्या हातानें नकलून काढावी व ती नक्कलच परीक्षकापुढें जावी, असा नियम केला. हजारो कागद पुन्हां लिहून काढण्याचा हा खटाटोप केवळ एवढ्याचसाठीं, कीं काम दिसावें आणि माणूस दिसूं नये. राज्यकारभाराच्या इतिहासांत इतकी उदात्त कारकुनी दुसरी झाली नसेल.

आपल्याकडे परीक्षेचें युग १८५५ सालीं लंडनमध्यें सनदी नोकरीची पहिली स्पर्धापरीक्षा झाली तेव्हां सुरू झालें असें म्हणतां येईल. १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर हे तींत उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. इकडे मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत रानडे, भांडारकर यांच्यासारखीं मंडळी बाहेर पडलीं. त्यानंतर दोनतीन पिढ्या 'बी. ए.' हीं दोन अक्षरेंच पुरेशीं होतीं. दारावरच्या पाटीवर तीं लागत, लग्नाच्या याद्यांतही त्यांचा भाव ठरत असे. पुढें पदवीधर वाढले आणि अक्षरांची किंमत उतरली, हें सांगावयास नको. एका जागेसाठीं शेंकडों अर्ज आले आणि त्या सर्वांवर तीच अक्षरें असलीं, म्हणजे निवडणाऱ्यानें काय पाहावें? अशा वेळीं तो विचारतो, 'तुम्ही उत्तीर्ण झालांत हें ठीक. पण तुम्हीं केलें काय, तें दाखवा.'

हा प्रश्न कारागिराला नवा नाहीं. युरोपांतील मध्ययुगीन कारागीरसंघांत उमेदवारी संपविणाऱ्या मनुष्यास संघाच्या वडीलधाऱ्यांपुढें आपल्या हातची एक वस्तु ठेवावी लागे. ती पसंत पडली तरच तो स्वतःचें दुकान थाटण्यास मोकळा होई. आज आपण एखाद्या कादंबरीस किंवा चित्रास 'मास्टरपीस' म्हणून डोक्यावर घेतों, तो शब्द मूळचा या परीक्षेच्या वस्तूचा. सोळाव्या शतकांत न्यूरेंबर्ग शहरीं सोनारकीच्या उमेदवारास एका विशिष्ट फुलाच्या घाटाचा पेला, खडा बसविलेली एक अंगठी आणि एक कोरीव शिक्का अशा तीन वस्तु घडवून दाखवाव्या लागत. तेथें शिफारस नको, प्रशस्तिपत्र नको; वस्तु हातांत घ्यावी, फिरवून पाहावी, वजन करावें. मात्र यांत एक अडचण उघड आहे. वस्तु जेथें, तेथेंच परीक्षक पाहिजे. दूरच्या धन्याकडे पेला धाडतां येईल, पण बांधलेला पूल कसा धाडावा?

या अडचणींत सांपडलेल्या अर्जदारांत जगप्रसिद्ध असा एक मनुष्य आहे. १४८२ च्या सुमारास तिशींतील लिओनार्दो दा विंची यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यास एक अर्ज केला. त्याचा मसुदा मिलानच्या आंब्रोझियन ग्रंथालयांतील 'कोडेक्स आतलांतिकुस' या संग्रहांत आजही आहे. अर्ज क्रमवार कलमें घालून लिहिलेला आहे, आणि त्याचा रोख पाहून कोणीही थक्क व्हावें. हलके आणि उचलून नेतां येण्याजोगे पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढण्याची युक्ति, तोफा, आवाज न होतां खणलेलीं भुयारें, अभेद्य असे झांकलेले रथ, आरमारी लढाईचीं यंत्रें, अशी नऊ कलमें युद्धाचीं आहेत. दहाव्या कलमांत शांततेच्या काळच्या इमारती आणि पाण्याचे पाट येतात. आणि हें सर्व झाल्यावर, शेवटीं, जणूं काय उरलेल्या जागेंत, आपण संगमरवर, कांसें व माती यांत मूर्ति घडवूं शकतों आणि चित्रकलेंतही कोणाच्या मागें नाहीं, असें तो सांगतो. ज्याच्या चित्रांसाठीं आज लोक दूरदेशाहून येऊन रांगा लावतात, त्यानें चित्रकला अर्जाच्या तळाशीं ठेवली! पण यांत विनय नव्हता, हिशेब होता. लुदोविकोस लढाईची धास्ती होती, आणि अर्ज हा नेहमीं वाचणाऱ्याच्या गरजेकडे तोंड करून लिहावा लागतो, हें लिओनार्दो जाणून होता.

आम्हांस या अर्जांत सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याची अखेर. वरील गोष्टींपैकीं कोणतीही कोणास अशक्य वाटल्यास आपल्या उद्यानांत किंवा आपण म्हणाल त्या ठिकाणीं प्रयोग करून दाखविण्यास मी सिद्ध आहें, असें तो कळवितो. म्हणजे कागदावर जें मावत नव्हतें, त्याकडे त्यानें कागदावरून बोट दाखविलें. फ्लॉरेन्समध्यें आपलें चित्र अर्धेंच टाकून आलेल्या मनुष्याजवळ बरोबर आणून दाखविण्यासारखें फारसें कांहीं नव्हतेंही. लुदोविकोच्या पित्याच्या स्मरणार्थ कांशाचा घोडा घडवूं, असेंही त्यानें त्या पत्रांत म्हटलें होतें. त्याचा मातीचा प्रचंड नमुना पुढें उभा राहिला. पण ओतण्यासाठीं जमविलेलें कांसें १४९४ सालीं तोफांकडे गेलें, आणि १४९९ सालीं शहर घेणाऱ्या फ्रेंच तिरंदाजांनीं त्या मातीच्या घोड्यावर नेम धरण्याचा सराव केला. चित्रकलेविषयींची अर्जांतील ती तळची ओळ मात्र मिलानमधल्या मठाच्या भिंतीवर 'अखेरचें भोजन' होऊन राहिली.

आतां आमच्या चौकटीकडे वळूं. तिची आई म्हणजे किराणा दुकानांतील मालावरचा उभ्या रेघांचा बारकोड. १९४८–४९ च्या हिवाळ्यांत नॉर्मन वुडलंड नांवाचा अमेरिकन तरुण मायामीच्या समुद्रकांठीं बसला असतां त्यानें वाळूंत बोटें रोवून तीं आपल्याकडे ओढलीं, आणि तारायंत्राचे ठिपके व रेघा अशा खालीं ताणल्या तर त्यांची एक खूण तयार होईल, हें त्यास सुचलें. तो आणि त्याचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर यांस १९५२ सालीं या कल्पनेचें पेटंट मिळालें. पण रेघा वाचावयास लागणारा स्वस्त व तीव्र प्रकाश आणि स्वस्त संगणक त्या वेळीं कोठें होते? २६ जून १९७४ रोजीं ओहायो संस्थानांतील ट्रॉय गांवच्या एका दुकानांत चघळण्याच्या गोंदाचें पुडकें वाचकयंत्रावरून सरकलें, आणि तेव्हांपासून हा व्यवहार सुरू झाला. सिल्व्हर त्यापूर्वींच, १९६३ सालीं, निवर्तला होता.

बारकोडांत वीसएक अक्षरें मावत. जपानमध्यें मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या डेन्सो कंपनीच्या कारखान्यांत एवढ्यानें भागेना. एकेका खोक्यावर कधीं कधीं दहादहा बारकोड चिकटवावे लागत, आणि कामगार ते एकामागून एक वाचवितांना थकून जात. हें दुखणें कामगारांनीं सांगितलें, आणि मासाहिरो हारा या अभियंत्यानें १९९२ सालीं त्यावर उपाय शोधण्यास आरंभ केला. हारा हे जेवणाच्या सुटींत 'गो' नांवाचा जपानी पटाचा खेळ खेळत. त्या पटावरील काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून, खूण एकाच दिशेनें कां वाचावी, आडवी आणि उभी अशी दोन्ही अंगांनीं कां वाचूं नये, हा विचार त्यांच्या मनांत आला.

पुढची अडचण याहून बिकट होती. यंत्रानें ही चौकट इतर छापील मजकुरांतून हुडकावी कशी? हारा आणि त्यांचे सहकारी यांनीं जाहिराती, मासिकें, पुठ्ठ्याचीं खोकीं असा मिळेल तो छापील कागद तपासला आणि त्यांतील काळ्यापांढऱ्या भागांचें प्रमाण मोजून, जें प्रमाण छापील मजकुरांत सर्वांत क्वचित् येतें तें शोधून काढलें. तें १ : १ : ३ : १ : १ असें भरलें. चौकटीच्या तीन कोपऱ्यांत जे चौरसांत चौरस दिसतात, त्यांच्या मध्यावरून कोणत्याही बाजूनें रेघ ओढा, काळापांढरा रंग याच प्रमाणांत येतो. म्हणूनच कागद उलटा धरला तरी यंत्र चुकत नाहीं. चौथा कोपरा रिकामा कां, असें मुलें विचारतात. तीन कोपरे दिसले कीं चौथा कोठें हें आपोआप कळतें, आणि वरखालीही समजतें.

१९९४ सालीं हा कोड जगापुढें आला. लहानांत लहान चौकट २१ ठिपके लांबीरुंदीची, मोठ्यांत मोठी १७७ ची. तींत केवळ आंकडे भरले तर ७,०८९ पर्यंत मावतात. यापेक्षांही नवलाची गोष्ट म्हणजे चौकटीचा कांहीं भाग फाटला, मळला, तरी ती वाचतां येते. दुरुस्तीची सोय सर्वांत अधिक ठेवल्यास सुमारें शेंकडा ३० भागापर्यंतची खराबी ती सोसते. याचें मूळ आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनीं १९६० सालीं मांडलेल्या गणितांत आहे. 'व्हॉयेजर' यानांनीं अंतराळांतून संदेश धाडले आणि कॉम्पॅक्ट डिस्कवरचें गाणें ओरखडे पडूनही वाजलें, तें याच गणिताच्या आधारें. पोथींतील आर्येचा एखादा शब्द कसरीनें खाल्ला, तरी वृत्त आणि यमक यांच्या आधारानें जाणता पंडित तो भरून काढतो, तसेंच हें. मजकुराबरोबर त्याच्या बांधणीचे नियमही अधिक ठिपक्यांनीं लिहून ठेवलेले असतात. डेन्सोनें या कोडाचें पेटंट घेतलें, पण प्रमाण पाळून तो वापरणाऱ्यांकडून मोबदला मागितला नाहीं. कारखान्यांतील ही खूण भाजीच्या गाडीपर्यंत आली, याचें मोठें श्रेय आम्ही या औदार्यास देतों. २००० सालीं ती आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली, २००२ पासून जपानांतील मोबाइल ती वाचूं लागले, आणि २०२० च्या महामारींत हॉटेलांतील खाद्यपदार्थांची यादीसुद्धां तिच्यामागें जाऊन बसली.

नोकरीच्या अर्जावर ती आली ती या प्रवासांत. २०११ च्या सुमारास एका फ्रेंच तरुणाच्या अर्जाची बरीच चर्चा झाली होती. कागदावर त्याचा चेहरा छापलेला, आणि तोंडाच्या जागीं ही चौकट. वाचणाऱ्यानें ती वाचवून मोबाइल त्याच जागेवर ठेवला कीं पडद्यावर ओंठ हलूं लागत आणि कागद बोलूं लागे. ही गंमत होती, आणि गंमत एकदांच खपते. परंतु लिओनार्दोचें बोट ज्या उद्यानाकडे होतें, तें उद्यान आतां कागदाच्या कोपऱ्यांतच आणून ठेवतां येतें, ही गोष्ट मात्र गंमतीवारी नेण्यासारखी नाहीं. वास्तुविशारदास आपले नकाशे, शिक्षकास आपला तास, सुताराच्या मुलास आपलें कपाट दूरच्या मनुष्यास दाखवितां यावें, हा लाभ खरोखर मोठा आहे. आणि ज्यांच्यामागें शिफारस करणारा मामा नाहीं, त्यांस तो सर्वांत मोठा आहे.

येथें एक घोटाळा मात्र निस्तरला पाहिजे. मराठेशाहींतील कागदावर वर शिक्का आणि मजकूर संपतो तेथें मोर्तब उठवीत. खालीं कोणीं ओळ घुसडूं नये म्हणून ही खबरदारी. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतों, पण त्यांतील दुसऱ्या मुद्रेचें काम विसरतों. आधारपत्रावर जी चौकट असते, तींत देणाऱ्या संस्थेची अंकीय स्वाक्षरी असते. ती शिक्कामोर्तबाच्या जातीची. अर्जावर अर्जदारानें स्वतः छापलेली चौकट ही मुद्रा नव्हे. तें दार आहे. दार उघडल्यावर आंत काय आहे, याची ग्वाही दार देत नाहीं. आणि मुद्रासुद्धां किती फसवूं शकते, हें विशाखदत्तानें 'मुद्राराक्षसां'त दाखविलेंच आहे. अंगठी राक्षसाची होती, पत्र चाणक्याचें होतें.

चंद्रहासाची भीति येथें पुन्हां उभी राहते. मोडी लिपि वाचणारे आज थोडे आहेत, पण आहेत. ही चौकट मात्र मनुष्याच्या डोळ्यास मुळींच वाचतां येत नाहीं. आपल्या अर्जावर काय छापलें आहे, हें अर्जदारासही यंत्रावांचून कळत नाहीं. पुष्कळ मुलें फुकट चौकट करून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून ती घेतात. त्यांपैकीं कांहीं चौकटींत मुलाच्या कामाचा पत्ता नसतोच. असतो तो त्या कंपनीचा पत्ता, आणि तेथून पुढें ती कंपनी वाचणाऱ्यास वाट दाखविते. मुदत संपली, वर्गणी थकली, कीं वाट बंद. अर्ज करणारा घरीं वाट पाहत बसतो आणि तिकडे अधिकाऱ्याच्या पडद्यावर दुसऱ्याच कोणाची जाहिरात झळकते! म्हणून चौकटींत स्वतःच्या पानाचा पत्ता सरळ भरावा, आणि तोच पत्ता खालीं साध्या अक्षरांत छापावा, असें आम्ही मुलांस आग्रहानें सांगतों. अनोळखी चौकट मोबाइलवर उघडण्यास आतां शहाणे लोक कचरतात. फसवणुकीचे प्रकार सर्वांनीं ऐकलेले आहेत, आणि पत्ता डोळ्यांनीं वाचतां आला तर त्यांचा संशय निम्मा होतो. शिवाय मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम यंत्र चाळतें. तें शब्द वाचतें, चौकटीकडे चित्र म्हणून पाहतें किंवा पाहतही नाहीं. संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या अर्जांत ही चौकट घालून, वाचणाऱ्यानें पडद्यासमोर मोबाइल धरावा अशी अपेक्षा करणें तर द्राविडी प्राणायाम होय. तेथें बोटानें दाबण्याजोगा साधा पत्ता पुरे. चौकटीचें राज्य छापील कागदावर. तेथेंही तिच्याभोंवतीं चार ठिपक्यांएवढी पांढरी जागा मोकळी सोडावी लागते. कागदावर जागा उरली म्हणून ती मजकुराला चिकटवून बसविली, कीं यंत्र आंधळें होतें.

परंतु या साऱ्या किरकोळ गोष्टी झाल्या. आमच्या मनांत खरा प्रश्न निराळाच आहे. दार उघडल्यावर काम दिसावें; पण हल्लीं बहुधा प्रथम दिसतो तो चेहरा. हंसरें छायाचित्र, पोषाख, बोलण्याचा ढंग, मागच्या भिंतीवरची तसबीर, गांव, आडनांव. चीनच्या कारकुनांनीं नऊशें–हजार वर्षांपूर्वीं कष्टानें जें झांकलें, तें आपण आपण होऊन उघडें करतों. आणि तें उघडें झाल्यानें काय होतें, हें अंदाजानें सांगण्याची गरज नाहीं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, लायकी तीच पण नांवें उच्चवर्णीय हिंदु, दलित आणि मुसलमान अशीं निरनिराळीं घालून खासगी कंपन्यांकडे अर्ज धाडले होते. दलित व मुसलमान नांवांच्या अर्जांस पुढील बोलावणें येण्याचें प्रमाण उच्चवर्णीय नांवांच्या मानानें कमी पडलें. अर्जावर फक्त नांव होतें. छायाचित्र नव्हतें, आवाज नव्हता. नांवानें एवढें होत असेल, तर ज्या चौकटींतून मनुष्य सगळाच्या सगळा बाहेर येतो तिनें काय होईल, याचा विचार शिक्षकांनीं व पालकांनीं केला पाहिजे. अमेरिकेंतील वाद्यवृंदांनीं १९७० च्या सुमारापासून उमेदवारास पडद्याआड बसवून वाजवावयास लावण्याची चाल वाढविली. तेथें परीक्षकाच्या कानावर फक्त व्हायोलिन पडतें, वादक स्त्री कीं पुरुष, गोरा कीं काळा, हें कळत नाहीं. आमच्या चौकटीनें हा पडदा व्हावयास कांहीं हरकत नाहीं. तिच्यामागें काय ठेवावें, हें ठेवणाऱ्याच्याच हातीं आहे.

आमच्या एका विद्यार्थिनीनें तें करून पाहिलें. मोडी कागदांचें वाचन करण्याच्या जागेसाठीं तिनें अर्ज केला होता. तिच्या चौकटीमागच्या पानावर तिचें छायाचित्र नव्हतें, परिचय नव्हता, गुरुजनांचीं प्रशस्तिपत्रेंही नव्हतीं. आमचेंही नव्हतें, याचें आम्हांस प्रथम थोडें वाईट वाटलें. एका बाजूस मूळ मोडी पत्र, दुसऱ्या बाजूस तिनें केलेलें बाळबोध लिप्यंतर, आणि जेथें वाचन संशयित तेथें तांबडी खूण, अशीं बारा पत्रें तिनें मांडलीं होतीं. मुलाखतीस गेली तेव्हां मंडळींनीं तीं पत्रें आधींच पाहिलेलीं होतीं. तिला तिचें गांव, वडिलांचा व्यवसाय, आवडीनिवडी यांपैकीं कांहीं विचारण्यांत आलें नाहीं. पहिलाच प्रश्न आला तो सातव्या पत्रांतील एका तांबड्या खुणेविषयीं. तिनें दोन वाचनें सांगितलीं, दोहोंचीं कारणें दिलीं, आणि कोणतें खरें याविषयीं आपला संशय अजून फिटलेला नाहीं असें म्हटलें. मग त्या चारही जणांनीं खुर्च्या पुढें ओढल्या आणि त्या एका शब्दावर पाऊण तास वाद घातला.